ढवळीच्या गळ्यातला फोटो

बावडा
१४ डिसेंबर २०२५

आबा,

वर तीर्थरूप लिहिलेलं नाही, ते विसरून नाही. रणजित शेजारी बसलाय, जत्रेतल्या आमच्या पाळण्याची तिकिटं फाडतो तो. तो म्हणाला, "वडलांना लिहितोस आणि नमस्कार कुठाय?" म्हटलं, या खेपेला नमस्कार संपलाय.

फोनच केला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही सगळ्याला "बरं बरं" म्हणता. मी भांडलो तरी बरं बरं म्हणाल. त्यापेक्षा कागद बरा. उत्तर लिहायचं तर इंदापूरला लिहा, आठवड्यात आम्ही तिकडं हलतोय.

काल मनिषाताई पोरांना घेऊन जत्रेत आली. तिच्या सासरच्या गावात पाळणा लागलाय म्हटल्यावर येणारच होती. पोरांना तीनदा फुकट फिरवलं, मालकाचं तोंड वाकडं झालं. हा मालक पण काय माणूस आहे, स्वतः कधी पाळण्यात बसत नाही, चक्कर येते म्हणतो. असो. ताईनं मोबाईलमधले दिवाळीचे फोटो दाखवले. आपलं अंगण, आई चुलीपुढं, तुम्ही बाजेवर, आणि शेळ्या. ढवळीच्या गळ्यात काहीतरी लोंबत होतं म्हणून मी फोटो मोठा केला.

ढवळीच्या गळ्यात मी होतो.

म्हसवडच्या जत्रेत पुठ्ठ्याच्या विमानात बसून काढलेला माझा फोटो, दोन्ही बाजूंनी प्लास्टिक लावून त्याची किल्लीची साखळी केलेली. त्या दिवशी नवा शर्ट घातला होता मी, फक्त त्या फोटोसाठी. फोटोवाला म्हणाला, हस, तर हसलो पण. तो हसरा मी शेळीच्या दाढीखाली, आणि ढवळी माझ्याकडं बघत काहीतरी चघळतेय. मग बाकीचे फोटो बघितले. हौशीच्या गळ्यात जेजुरीहून आणलेला गोल आरसा. तांबडीच्या गळ्यात नेलकटर. त्या लंगड्या शेळीच्या गळ्यात बॅटरीची साखळी, जिचं बटण दाबलं की निळा उजेड पडतो. शेळी बटण दाबते का आबा?

मी कुठल्याही जत्रेत गेलो तर सगळा बाजार फिरून तुमच्यासाठी एक वस्तू घेतो. आईला बांगड्या, त्या ती घालते. तुमच्यासाठी काय घ्यावं यात माझा अर्धा दिवस जातो, कारण तुम्ही काही मागत नाही. आणि ती वस्तू तुम्ही जनावराला घालता. मी काय शेळ्यांसाठी आणत होतो?

माझं सगळं सामान ताईकडं पाठवून द्या. मी नेईन. मालक पाळणा विकतोय, मोरगावच्या माघी जत्रेनंतर विजापूरकडचा एक माणूस नेणार आहे. त्याला पाळणा जोडणारी माणसं पण पाहिजेत. मी हो म्हणून टाकलंय. तेव्हा तिकडं जाण्याआधी घरी यायचा विचार होता, तो आता नाही.

सिद्धू


कऱ्हाटी
२० डिसेंबर

सिद्धू,

पत्र पोचलं. पोस्टमन म्हनला लय जड हाय, आत काय हाय. म्या म्हनलं राग हाय.

वस्तू दिली की ती घेनाऱ्याची हुती. तू मला दिली का न्हाय? मग मी ती गळ्यात घालीन न्हायतर कुडाला टांगीन. कुनाला इचारायचं? परत पाठवनार न्हाय.

तू विजापूरला जानार ते रणजितच्या हितल्या चुलतीनं आधीच सांगितलं. गावात समद्यांना ठावं, आमाला कागदातनं कळालं. जा. पाळना तिकडं बी गोलच फिरत आसंल.

बावडा हितनं कितीक लांब हाय? दोन एसट्या. बावड्याला म्हैनाभर ऱ्हायलास, पर दोन एसट्या बदलायला तुला जमलं न्हाय. बारक्या वस्तू पाठवायला जमतंय. माझ्या खिशात मावंल एवढंच तू आनतोस आन् सोता येत न्हाईस.

आता मी इचारतो. तू घरातनं निघालास तवा मी मेंढरातल्या म्होरकीची पितळी घंटी तुझ्या हातात दिली. कळप इकला तवा समदं गेलं, ती घंटी ठिवली हुती. माझ्या बाची हाय ती. मनिषाला इचारलं, सिद्धूकडं घंटी दिसली का. ती म्हनली, गळ्यात न्हाय, कमरंला न्हाय, पेटीवर न्हाय. मग कुठाय? मी तुझ्या वस्तू शेरडाला बांधल्या तर तुला दिसतंय तरी. तू माझ्या वस्तूचं काय केलंस ते कुनाच्या फोटूत दिसंना.

आई म्हनती, अंगात स्वेटर घाल. इंदापूरला थंडी हाय.

तुझा बा,
बिरदेव


इंदापूर
३० डिसेंबर

आबा,

तुमच्या पत्राचं उत्तर मी दोन दिवसांपूर्वीच लिहिलं होतं. जरा शांत डोक्यानं लिहिलं होतं. पेरूची फोड मीठ लावून खात खात. इथं इंदापुरात आमच्या पाळण्यासमोर एक पेरूवाला बसतो, तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो की हा माझ्या स्वतःच्या बागेतला आहे, आणि पेट्या मात्र मार्केटच्या असतात. त्या पत्रात मी लिहिलं होतं की जाऊ द्या, तुमच्या वस्तू, तुमची शेरडं, मी कोण.

ते पत्र आज फाडलं.

आज रणजितच्या चुलतीचा फोन आला होता. रणजितनं स्पीकर लावला आणि मला हाक मारली. ती म्हणाली, ढवळी विकली. टेम्पोत घालून नेली. "आणि रे सिद्धू, तुझ्या फोटोसकट गेली बघ." रणजित हसायला लागला. तो हसला याचा मला राग नाही, दुसऱ्याच्या बापानं असं केलं असतं तर मीही हसलो असतो. पण ते हसणं पाळण्याच्या रांगेत पसरलं. एका पोरानं विचारलं, "दादा, तुमचे किती आले?"

आबा, जनावर विकताना दावं सोडून घ्यायचं असतं हे मला तुम्हीच शिकवलं. मी सात-आठ वर्षांचा असेन. शेवटची मेंढरं विकली तेव्हा तुम्ही एकेकीच्या गळ्यातनं दोरी सोडून खांद्यावर टाकत होता आणि व्यापाऱ्याला म्हणत होता, जनावर तुझं, गळ्यातलं माझं. व्यापारी घाई करत होता तरी तुम्ही एकही दोरी त्याच्याकडं जाऊ दिली नाही. पार जुन्या, कुजलेल्या दोऱ्या घरी आणल्या. मी म्हटलं, यांचं काय करायचं? तुम्ही म्हणालात, गळ्यातलं दिलं की घरातली बरकत त्याच्यामागं जाती.

कुजलेली दोरी घरी आली. मी टेम्पोतनं गेलो.

आणि घंटीचं मला विचारताय? घंटीचं माझं मी बघेन. ती विकली नाही, एवढं सांगतो. यापुढं माझ्याकडनं काही येणार नाही. आईच्या बांगड्या ताईकडं देत जाईन.

सिद्धू

स्वेटर घातलाय.


बावडा
५ जानेवारी २०२६

सिद्धू,

तुझं आबांना गेलेलं पत्र मी वाचलं. आईनं मला मुद्दाम रात्रीच्या मुक्कामाला बोलावून घेतलं होतं, तेव्हा ते आबांच्या उशाखाली होतं. वाचलं आणि तुझ्या कानाखाली द्यावीशी वाटली. तू पाळण्यावर उंच असतोस, तिथवर हात पोचायचा नाही म्हणून लिहितेय.

नीट ऐक. ढवळी म्हातारी झाली होती, दोन वेत झाले दूध नव्हतं. आबांनी विकायचं ठरवलं, मन घट्ट करून. व्यापारी बारामतीचा, नवीन होता, टेम्पो घेऊन दारात आला. सौदा झाला. आई हळदकुंकू आणायला घरात गेली. आबा व्यापाऱ्यासाठी साधी सुतळी आणायला गोठ्यात गेले, म्हणजे ढवळीच्या गळ्यातलं सोडून तिला ती सुतळी बांधायची. तेवढ्यात त्या बाबानं ढवळी उचलून टेम्पोत टाकली आणि गाडी चालू केली. गाडीचा आवाज आबांना आला नाही. ते सुतळी घेऊन बाहेर आले तर अंगण मोकळं. आई हळदकुंकवाची वाटी घेऊन रस्त्यापर्यंत पळत गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच आबा एसटीनं बारामतीला गेले. एकटे. तुला माहितेय ते एकटे कुठं जात नाहीत आता, कंडक्टर काय विचारतो ते कळत नाही, लाज वाटते. बाजारात ढवळी शोधली. ती सापडली, पुढच्या गिऱ्हाइकाच्या टेम्पोत चढवलेली. आबा म्हणाले, गळ्यातलं द्या. तो म्हणाला, काका, दहा रुपयाची साखळी हाय, तुमी जत्रेत दुसरी घ्या. लोक जमले. कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. आबांना यातलं काही ऐकू आलं नाही, नुसती हलणारी तोंडं दिसत होती. ते टेम्पोच्या पुढं मातीत मांडी घालून बसले. हॉर्न वाजवला तरी उठेनात, आणि उठणार कसे, हॉर्न तरी कुठं ऐकू येणार? शेवटी ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं फोटो बघितला आणि विचारलं, कोण हाय हा? आबा ओठ बघून समजले. म्हणाले, "पोरगं हाय."

ड्रायव्हरनं स्वतः दावं सोडून दिलं. हे सगळं रणजितच्या चुलत्यानं बघितलं, त्यानं आईला सांगितलं, आईनं मला. आबांनी कुणाला काही सांगितलं नाही. रणजितची चुलती मात्र तुला अर्धीच बातमी देऊन मोकळी झाली.

फोटोवर चरा पडलाय, नाकावर. बाकी तू चांगला आहेस.

आणि घंटी. पहिल्या डब्याच्या खाली तारेनं बांधलीस ना? पोरांबरोबर बसले होते तेव्हाच आवाज ओळखला. वर गेलं की वाजते, खाली आलं की वाजते. आबांनी विचारलं तेव्हा दिसली नाही म्हटलं. तू लपवतोस तर मी कशाला सांगू? पण का लपवतोस ते मला कळलं नाही. तुम्हा दोघांचं भांडण मला आता पोस्टाच्या तिकिटाला महाग पडायला लागलंय.

ताई


कऱ्हाटी
९ जानेवारी

सिद्धू,

मनिषानं तुला समदं लिवलं म्हनं. तिला कुनी सांगितलं हुतं लिवायला? मी टेम्पोम्होरं बसलो न्हवतो. पाय दुखत हुता म्हनून टेकलो. ही पोरगी ल्हानपनापास्नं वाढवून सांगती.

आता तुझी आई म्हनती, मी सांगते त्येबी लिवा. ती कानाला तोंड लावून वरडती. आख्ख्या आळीला आयकू जातंय, मला अर्धं येतंय. ती सांगती ते लिवतो. मला समदं पटतंय आसं न्हाय.

भामाबाई सांगती: सिद्धू, ह्यांना दोन वर्सं झाली, शेरडांच्या घंट्या आयकू येत न्हाईत. (मोठी घंटी येत हुती, परवा परवापातूर.) शेरडं बाभळीत शिरली की ह्यांना घावंनात. एक डाव हौशी सांजपातूर घावली न्हाय, तवा हे बांधावर बसून रडत हुते. (वारं हुतं. डोळ्यात धूळ गेली.) मग दुसऱ्या दिशी ह्यांनी तुझा आरसा तिच्या गळ्यात बांधला. उनात चकाकतो. लांबनं दिसतो. तवापास्नं तू आनशील ते एकेकीला बांधत्यात. बॅटरीची साखळी लंगडीला, कारन ती अंधार पडला तरी मागं ऱ्हाती, मग हेच बटन दाबून सोडत्यात आन् पुन्हा दुसऱ्या शेरडामागं जात्यात. (हे बरोबर हाय.)

आन् फोटू म्होरकीला. ढवळी म्होरं चालायची, हे तिच्यामागनं. सांजच्याला तिला दारात बांधली की हे धोतराच्या सोग्यानं फोटू पुसत्यात. (शेनाचा हात लागतो, मग पुसावं लागतं.) तू आलास आसं म्हनत्यात. (म्हनत न्हाय.) म्हनत्यात. मी चुलीपासनं आयकते, मला आयकू येतंय.

झालं तिचं. आता हौशीला म्होरकी केलीया. फोटू तिच्याकडं हाय.

घंटीचं तू सांगितलं न्हाईस ते न्हाईसच. मी काय पुन्हा इचारनार न्हाय.

बिरदेव


भिगवण
१५ जानेवारी

आबा,

मग हे आधी लिहायला काय झालं होतं? एक ओळ लिहिली असती, की ऐकू येत नाही म्हणून चमकणारं बांधतो, तर मी आरसेच आरसे आणले असते. जत्रेत आरशांची काय कमी आहे. मी इथं महिनाभर मनातल्या मनात तुमच्याशी भांडतोय, जेवताना भांडतोय, नट आवळताना भांडतोय, एकदा त्या नादात एक नट ढिला राहिला म्हणून मालकानं मला शिव्या घातल्या, आणि तुम्ही तिथं गप. कमी ऐकू येतं म्हणून कमी बोलायचं असतं का? मी अजून रागातच आहे. कुणावर ते नीट ठरत नाही, पण आहे.

इथं भिगवणला पाण्यावर रोहित पक्षी आलेत. पुण्याचे लोक गाड्या करकरून बघायला येतात, मोठाल्या कॅमेऱ्यांनी फोटो काढतात, आणि मग आमच्याकडं मासे खायचं ठिकाण कुठं ते विचारतात. मी एकदा होडीतनं जाऊन बघून आलो. एवढ्या लांबनं येतात, म्हणे, आणि दरवर्षी याच पाण्यावर. माझा एक दिवसाचा पगार कापला गेला. असो.

घंटीचं सांगतो, कारण तुम्ही विचारणार नाही म्हणालात. ती पाळण्याच्या पहिल्या डब्याखाली आहे. पेटीत ठेवली असती तर चोरीला गेली असती, गळ्यात घातली असती तर पोरं हसली असती. पाळणा जोडून झाला की सगळ्यात आधी मी ती बांधतो. ब्रेकवर असलो की माझी पाठ पाळण्याकडं असते, तोंड जनरेटरकडं. मागं वळून न बघता मला कळतं की पहिला डबा खाली आला. ताईला ओळखू आली, पण मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असता की बाची घंटी लोकांच्या पायाखाली लावली. म्हणाला असताच.

मोरगावला चतुर्थीच्या आधी दोन दिवस पाळणा उभा राहील. तुमच्यापासनं जवळ आहे. मी घरी येऊ शकणार नाही, ब्रेकवर माझ्याशिवाय माणूस नाही, आणि जत्रा उठली की विजापूरवाला तिथूनच पाळणा भरून नेणार, त्याच गाडीतनं मी. तुम्हाला यायचं तर या. आग्रह करत नाही. तिकीट मात्र काढावं लागेल, ओळखीवर मालक कुणाला सोडत नाही.

सिद्धू


मोरगाव
२५ जानेवारी

आबा,

हे काय केलंत?

काल दुपारी मी पाळणा चालवत होतो. गर्दी एवढी की रणजितला तिकिटं फाडायला हात पुरेना. मध्येच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मोटर ठीक, पट्टा ठीक. चार फेऱ्या गेल्या आणि मग कळलं, वाजत नाहीये. पाळणा थांबवला. लोक वरनं ओरडायला लागले. पहिल्या डब्याखाली घंटी नाही.

मला वाटलं, चोरली. एका पोराची कॉलर धरली मी, उगाच. त्याचा बाप भांडायला आला. मग तार बघितली. तोडलेली नव्हती. वेढे एकेक करून उलगडलेले, आणि ती तार गोल गुंडाळून दांडीला अडकवून ठेवलेली. चोर अशी तार ठेवतो का? तार अशी गुंडाळून ठेवणारा माणूस मला एकच माहीत आहे.

रणजितला विचारलं. तो म्हणाला, एक म्हातारा आला होता, फेटा, खांद्यावर घोंगडं. "किती तिकिटं काका" विचारलं तर नुसत्या नोटा पुढं केल्या. पहिल्याच डब्यात बसायचं म्हणून रांग सोडून थांबून राहिला. तो डबा आला तेव्हा बसला. पाळणा फिरत होता तेव्हा बाहेर कुठं बघितलं नाही, म्हणे, खाली वाकून दांडीला हात लावून बसला होता. लोकांना वाटलं म्हातारा घाबरला.

मी दहा पावलांवर ब्रेक धरून उभा होतो. तुम्ही माझ्या पाठीकडं बघितलं असणार, कारण वरनं ती दिसते. आणि हाक नाही मारलीत. मी तिकीट लागेल म्हणालो ते मनाला लागलं का? ते गमतीनं लिहिलं होतं. निम्मं गमतीनं. तुम्ही कऱ्हाटीहून येता, तिकीट काढता, पाळण्यात बसता, माझी घंटी काढून नेता आणि चहासुद्धा घेत नाही. दिलेली वस्तू घेणाऱ्याची, असं डिसेंबरात कुणी लिहिलं होतं? ते पत्र माझ्याकडं आहे.

परवा विजापूरवाला येणार, सौदा पुरा होणार, त्यानंतर चारेक दिवसांत पाळणा सुटा करून भरणार. त्याआधी माझी घंटी माझ्या हातात पाहिजे. रणजितच्या चुलत्याबरोबर पाठवा.

सिद्धू


कऱ्हाटी
२७ जानेवारी

सिद्धू,

हाक मारली आसती तर तू वळला आसतास आन् ब्रेक सुटला आसता. वर लेकरं हुती. पाळना थांबला तवा तुला गर्दीनं घेरलं. एसटीची येळ झाली हुती.

तिकिटाचं मनाला लावून घेतलं न्हाय. आई म्हनली म्हाताऱ्याला सवलत आसंल, इचारायचं. मी इचारलं न्हाय. तुझ्या मालकाला उगी सवय लागायची.

तू लिवलंस की लोकांच्या पायाखाली बांधली म्हनून मी रागावलो आसतो. बसलो तवा जरा रागावलो. मग घंटीला हात लावला. पाळना वर गेला तवा ती हातात थरथरली. खाली आला तवा बी. दोन वर्सांनी मला घंटी कळाली. मग राग धरला न्हाय. तू बांधलीस ती जागा बरोबर हाय. म्होरकीला बांधायची आसती, म्होरल्याच डब्याला बांधलीस.

मला आयकू येनं कमी व्हाया लागलं, तवाच मी ती तुला दिली हुती. म्हनलं, घरात ठिवून काय करू, कुनीतरी आयकावं. तुला सांगितलं न्हाय. तू तवा रागानं निघाला हुतास, मी बी रागात हुतो.

तुझा पाळना इकला. सौदा झाला की तो दुसऱ्याचा. तूच मला लिवलं हुतंस इंदापुरासनं, जनावर तुझं, गळ्यातलं माझं, आन् तुझ्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाय. घंटी डब्याला तशीच ठिवून तू भरून पाठवनार हुतास. म्हनून मी सोडून आनली. इकलेल्याच्या गळ्यात आपलं काय ठिवायचं नसतं. तार ठिवली, ती त्यांची हाय.

तू पाळन्याबरबर इकला गेलास का न्हाय, ते मला ठावं न्हाय. तुला सोडून आनायला मी टेम्पोम्होरं बसनार न्हाय. माझा पाय दुखतो.

रणजितच्या चुलत्याबरबर पाठवनार न्हाय. त्याच्याबरबर बातमी पाठवली तर अर्धी पोचती, घंटी किती पोचंल.

दाराच्या खुंटीला टांगलीया. हौशी सांजच्याला आत शिरताना तिचं शिंग लागतं. तुझी आई म्हनती, वाजती. मला ती म्हनती तेवढ्यावरच इस्वास ठिवावा लागतो. तू येऊन आयक, आन् खरं काय ते मला सांग.

तुझा बा,
बिरदेव